एलीने हात सोडला तेव्हा

चि. चिनू,
अनेक आशीर्वाद.

परवा मांडवी एक्स्प्रेस सुटेपर्यंत तू खिडकीतून माझ्याकडे पाहिलं नाहीस. पोचल्याचा मेसेज आला, पण त्यात जेवल्याचं, झोपल्याचं काही नव्हतं. झोपलीस का नीट? हे विचारायचं नाही असं ठरवून कागद घेतला होता, तरी पहिलं तेच आलं.

आदल्या रात्री काकांवरच्या केसचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालीस, "आई, तू त्या एलीसारखीच. हातात आलेला माणूस सोडून देणारी." मी तेव्हा गप्प बसले, कारण आत्या आत झोपल्या होत्या. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. एलीसारखी म्हटलंस तर मला चालेल. मी तिच्या बाजूची आहे, आणि का ते आज सांगणार आहे.

लॉकडाऊनच्या पावसाळ्यात तू 'द लास्ट ऑफ अस' या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग खेळायचीस आणि मी शेजारी भाजी निवडत बसायचे. एलीला बापासारखा असलेल्या जोएलला ऍबी मारते आणि एली तिच्या मागे सूड घ्यायला निघते, ती गोष्ट. १९ जून २०२०ला तो आला, तेव्हापासून जगभर लोक त्या शेवटावर भांडतायत. ऍबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला तर लोकांनी जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. एका गोष्टीतल्या पात्रासाठी! सगळ्यांचा आक्षेप तुझाच. जॅक्सनपासून सिॲटलपर्यंत इतकी माणसं मारली, कुत्री मारली, ऍबीची ती पोटुशी मैत्रीण मेलसुद्धा गेली, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिलाच समुद्रात बुडवता बुडवता सोडलं. मग एवढं सगळं कशासाठी?

मला वाटतं, एवढं सगळं झालं म्हणूनच सोडलं. मेल गरोदर होती हे कळल्यावर एलीची काय अवस्था झाली ते आपण दोघींनी पाहिलंय. सूड म्हणजे काय याचा हिशोब तिला कोणी शिकवावा लागला नाही.

ती सांता बार्बराला गेली ते मात्र मला आजही पटत नाही. शेतावरचं घर होतं, जोडीदार दीना होती, ते गोड बाळ होतं, मेंढ्या होत्या. जोएलचा भाऊ टॉमी येऊन टोचून बोलला आणि ही पुन्हा ऍबीच्या मागावर निघाली. पण का निघाली ते तिने दीनाला सांगितलंय ना? झोप लागत नाही, अन्न जात नाही. मेंढ्या गोठ्यात घालताना काहीतरी आपटलं, तर तिला जोएलचा रक्ताळलेला चेहरा दिसला. चिनू, तू इथे होतीस तेव्हा रात्री तीनला तुझ्या खोलीत उजेड असायचा. सातबारा, फेरफार, बाबांच्या सहीच्या झेरॉक्स, सगळं अंथरुणावर पसरलेलं. मी दाराशी येऊन परत जायचे.

मुद्दा सोडून बोलतेय. एलीचंच बोलते.

सांता बार्बराच्या किनाऱ्यावर ऍबी खांबाला बांधलेली, हाडांचा सापळा झालेली. एलीने आधी तिची दोरी कापली, हे लोक विसरतात. मग पुन्हा तोच रक्ताळलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तिने लढाईचा हट्ट धरला. ऍबीबरोबरच्या त्या अर्धमेल्या पोराच्या, लेव्हच्या गळ्याला सुरी लावली. त्या लढाईत बटण दाबल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही, आणि तू कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणालीस, "आई, मला हे करायचं नाहीये." मला तुझा इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी. बोलले नाही, तेव्हा बोलायला हवं असं वाटलंच नाही.

आणि अगदी शेवटी, ऍबीचं डोकं पाण्याखाली असताना, एलीला काय दिसलं? ओसरीवर गिटार घेऊन बसलेला जोएल. नंतर कळतं की ती त्यांची शेवटची रात्र होती. तिचा जीव घेऊन साथीवर औषध काढणार होते, तेव्हा त्याने हॉस्पिटलात माणसं मारून तिला पळवून आणलं, त्याबद्दल आणि वर्षानुवर्षं बोललेल्या खोट्याबद्दल ती त्याला म्हणाली होती, तुला क्षमा करता येईल असं वाटत नाही, पण प्रयत्न करून बघायचा आहे. दुसऱ्याच दिवशी तो गेला. (जोएलने जे केलं ते मीही केलं असतं. पोर टेबलावर मरायला ठेवलंय म्हटल्यावर जग वाचतंय की बुडतंय हे कोण बघतं?) इतके दिवस तिला फक्त मरणारा जोएल दिसत होता. त्या पाण्यात तिला तिचा जिवंत जोएल परत मिळाला, आणि हात आपोआप सुटला. ऍबीला तिने क्षमा केली असं मी म्हणत नाही. त्याची गरजही नव्हती.

डाव्या हाताची दोन बोटं गेली, जोएलने शिकवलेली गिटार धड वाजवता येईना. दुबळी माणसं एवढी किंमत देत नाहीत.

आता आपलं. तुझ्या काकांनी केलं ते चूकच. आपली आंब्याची कलमं गेली त्याचं मला दुःख नाही असं समजू नकोस. पण ती केस उभी राहणार बाबांच्या आजारपणातल्या त्या एका सहीवर. प्रत्येक तारखेला तोच कागद, तीच वाकडी अक्षरं, सलाईन लावलेला तोच हात. कितीतरी महिने मला डोळे मिटले की तेच दिसायचं. आता कुठे बाबा मला माळ्यावर आढी लावताना दिसायला लागलेत. आंबे पालटता पालटता ते पेंढ्यात झोपलेल्या तुला अलगद बाजूला सरकवायचे, आणि तू झोपेतच त्यांचा सदरा धरून ठेवायचीस. कशाने जागी व्हायची नाहीस तू तेव्हा.

हे मला परत हरवायचं नाही. म्हणून वकीलपत्रावर मी सही करणार नाही. तू हुशार आहेस, तुझे कागद बिनचूक आहेत, वकीलसुद्धा म्हणाले की एवढी तयारी त्यांनी क्वचित पाहिली. ते ऐकून माझी छाती फुगली, आणि लगेच भीती वाटली, की माझं पोर याच्यातच वर्षं घालवणार.

फार बोलले. नोकरी करणाऱ्या मुलीला असं लेक्चर देऊ नये, राग मानू नकोस. फाईल तुझ्याकडेच ठेव, फाडून टाक असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त पलंगावरून उचलून कपाटात ठेव.

लाडवांचा डबा पिशवीत तळाशी आहे, मेथीचे आहेत, रोज एक खा. आणि रात्री अकरानंतर ऑनलाइन दिसलीस तर मी फोन करणार, तू चिडलीस तरी.

तुझी,
आई