‘नीप टाइड’ म्हणजे ओहोटी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत नुकतीच भरती-ओहोटीशी संबंधित इंग्रजी शब्दांची ओळख प्रसिद्ध झाली. किनाऱ्यावरच्या मुलांना त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या गोष्टींची इंग्रजी नावे कळावीत, हा त्यामागचा हेतू चांगला आहे आणि त्याबद्दल आभार. मात्र ‘नीप टाइड’ या संज्ञेचे स्पेलिंग, अर्थ आणि उगम या तिन्ही बाबतींत चुकीची माहिती छापली गेली आहे. अशी कात्रणे शाळेच्या फलकावर लागतात आणि मुले ती वहीत उतरवून घेतात, म्हणून दुरुस्ती थोड्या विस्ताराने कळवत आहे.

या शब्दाची अक्षरे एन, ई, ए, पी अशी आहेत. पुरवणीत मधली दोन्ही अक्षरे ‘ई’ छापली आहेत. मध्ययुगीन इंग्रजीत तसे लिहिले जाई हे खरे. पण आज दोन ‘ई’ असलेला ‘नीप’ हा निराळाच शब्द आहे. तो मूळ लॅटिनमधला असून स्कॉटलंडमध्ये सलगमाच्या जातीच्या कंदाला वापरतात. उच्चार सारखा असल्यामुळे गफलत होते, आणि म्हणूनच इथे स्पेलिंगला महत्त्व आहे.

अर्थाची चूक अधिक गंभीर आहे. ‘नीप टाइड म्हणजे ओहोटी’ असे एका ओळीत सांगितले आहे. ओहोटी तर रोज दोनदा लागते. ‘नीप’ ही पंधरवड्यातून एकदा येणारी, भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक सर्वांत कमी असण्याची स्थिती आहे. तिच्यासाठी मराठीत ‘भांग’ हा शब्द पूर्वीपासून आहे आणि ‘भांगाची भरती-ओहोटी’ ही संज्ञा आपल्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतही आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात. सूर्याचा भरतीवरचा प्रभाव चंद्राच्या प्रभावाच्या साधारण ४६ टक्के असतो, तो चंद्राच्या प्रभावात मिळतो आणि पाण्याला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास, मग ती शुद्ध असो वा वद्य, दोघांच्या दिशा काटकोनात येतात, त्यामुळे सूर्य चंद्राच्या परिणामाला काही अंशी छेद देतो आणि भांग लागतो. न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या आधारे याची मांडणी केली. प्रत्यक्षात समुद्राचे पाणी या बदलाला थोडे उशिरा प्रतिसाद देते, त्यामुळे उधाणाचा आणि भांगाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो.

भांगात भरती कमी चढते, एवढे सांगून अर्थ पुरा होत नाही, कारण त्या दिवसांत ओहोटीही कमीच उतरते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सरासरी साडेतीन मीटरहून अधिक फरक असतो, तर भांगाला तो दीड मीटरच्या आसपास येतो. आमच्याकडे खडकांवरची कालवे काढायला जाणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावे लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी दूरवर हटते, खालच्या अंगाचे खडक उघडे पडतात आणि तिथली कालवे हाती लागतात. अष्टमी-नवमीला तेच खडक ओहोटीच्या वेळीही पाण्याखाली राहतात, म्हणून त्या दिवशी फेरी मारण्यात अर्थ नसतो. ‘नीप’ला ओहोटी म्हटले की नेमका हाच फरक पुसला जातो, आणि वडीलधाऱ्यांकडून बरोबर ऐकलेली गोष्ट छापील कागदामुळे मुलाला चुकीची वाटू लागते.

आता उगमाविषयी. चिमटणे या अर्थाच्या ‘निप’ या इंग्रजी क्रियापदापासून हा शब्द आला, असे पुरवणीत ठामपणे म्हटले आहे. शब्द फार जुना आहे. प्राचीन इंग्रजीत तो ‘नेपफ्लोड’ या जोडशब्दात आढळतो. त्यातला ‘फ्लोड’ म्हणजे पाण्याचा चढ, आजचा ‘फ्लड’. पूर्वपदाच्या मुळाविषयी मात्र अभ्यासकांना निश्चित निर्णय देता आलेला नाही. जिथे कोशकार ‘व्युत्पत्ती अज्ञात’ असे नोंदवतात, तिथे आपणही तेवढेच सांगावे. उत्तर इंग्लंडमधल्या बीड या धर्मपंडिताने इ. स. ७२५ मध्ये कालगणनेवर लिहिताना चंद्रकला आणि भरती यांचा संबंध नोंदवला आणि उधाण व भांग यांना स्वतंत्र लॅटिन नावे वापरली, यावरून ही जोडी त्या किनाऱ्यावर किती आधीपासून ओळखीची होती हे लक्षात येते.

‘टाइड’ हा शब्द समुद्राला नंतर चिकटला. त्याचा मूळ अर्थ काळ, वेळ असा होता आणि जर्मनमधला ‘त्साइट’ त्याचाच भाऊबंद आहे. ‘टाइम अँड टाइड’ ही म्हण शाळेत भरती-ओहोटीचा दाखला देऊन शिकवली जाते, पण तिच्यातही ‘टाइड’ मुळात वेळ या अर्थानेच होता. ‘स्प्रिंग टाइड’चे, म्हणजे उधाणाच्या भरतीचे, भाषांतर काही ठिकाणी ‘वसंतातील भरती’ असे वाचायला मिळते, तेही चूक आहे. इथे ‘स्प्रिंग’ म्हणजे उसळणे. ऋतूचे नावही त्याच धातूवरून आले असले, तरी उधाण बारा महिने दर पंधरवड्याला येते.

याच शब्दावरून इंग्रज खलाशांनी एक क्रियापद घडवले, ते मुलांना जरूर सांगण्यासारखे आहे. उधाणाच्या भरतीत जहाज वर चढून रुतले आणि पुढच्या भरत्या कमी-कमी होत गेल्या, तर पुढचे उधाण येईपर्यंत ते तिथेच अडकते. अशा जहाजाला ‘नीप्ड’ म्हणतात. पावसाळ्याआधी होड्या वर घेताना उधाणाची भरती साधणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना ही अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

तरी पुढील अंकात शुद्ध स्पेलिंगसह दुरुस्ती छापावी आणि ‘स्प्रिंग’ व ‘नीप’ यांच्यापुढे ‘उधाण’ व ‘भांग’ हे शब्द द्यावेत. सोबत तिथीच्या पाऊणपटीचा आपला जुना हिशेबही देता येईल. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. हा हिशेब स्थूल असून मुंबई आणि तिच्या आसपासच्या किनाऱ्यापुरता आहे, एवढी टीप मात्र त्याखाली अवश्य असावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, अलिबाग तालुका