भेसळीचे वजन आणि दहा वर्षांची कैद

महोदय,

एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली हेरॉइनची व्यापारी मात्रा, म्हणजे जिच्यापुढे सर्वात कडक शिक्षा लागते ते वजन, २५० ग्रॅम. त्यात फक्त शुद्ध अंश मोजावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ई. मायकल राज प्रकरणात ठरवले. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवले आणि भेसळीसह सगळे वजन धरले. परिणाम पाहा. २ टक्के शुद्धतेची २६० ग्रॅम पूड, म्हणजे जेमतेम ५.२ ग्रॅम हेरॉइन, बाळगणाऱ्याला किमान १० वर्षे सक्तमजुरी, शिवाय कलम ३७ मुळे जामीन जवळपास अशक्य. ९० टक्के शुद्धतेची २४० ग्रॅम पूड, म्हणजे २१६ ग्रॅम हेरॉइन, बाळगणाऱ्याला मात्र किमान शिक्षाच नाही. हा उघड अन्याय आहे.

रस्त्यावर शुद्ध माल विकलाच जात नाही, हा भेसळ मोजण्यामागचा युक्तिवाद खरा. पण मग तो सगळीकडे लागू व्हावा. गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याच्या शेंड्यांशिवायची पाने-बिया येत नाहीत, त्यामुळे पंचनाम्यात शेंडे वेगळे तोलले नाहीत या कारणावर अनेकदा जामीन मिळतो. कागदावर टिपून विकल्या जाणाऱ्या एलएसडी या अमली पदार्थाची व्यापारी मात्रा तर ०.१ ग्रॅम, तिथे कागद तोलायचा की नाही, यावरच सारे ठरते.

संसदेने या मात्रांचा तक्ता शुद्ध अंशावर आणावा. तोवर प्रयोगशाळेच्या अहवालात टक्केवारी सक्तीची करावी.

– एक वकील, ठाणे