माझ्या डोळ्यांचा चौदा सेकंदांचा व्हिडिओ

ताई,

वयानं तुम्ही माझ्या भाचीएवढ्या असाल, तरी ताईच म्हणते. तुमचं नाव इथं लिहीत नाही. मिरजेत कान तपासणारे काही कमी नाहीत, पण पेशंटच्या फोनवर पेशंटच्याच डोळ्यांचं शूटिंग करून देणारी बहुधा एकच असेल. तिला कळेल हे कुणासाठी आहे ते.

माझा रियाज पहाटे साडेपाचचा. सांगलीच्या गावभागातलं आमचं घर जुनं, मधली भिंत लाकडी फळ्यांची आणि सासऱ्यांची झोप सावध. म्हणून खरा तानपुरा गवसणीत, आणि कानात हेडफोन लावून फोनमधला तानपुरा, तोही आवाज चांगला वाढवून. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि मी अर्ध्या तासाच्या अंतरावर बसून यंत्रातला ऐकत होते. त्याचीच शिक्षा झाली की काय, असंही मनात येऊन गेलं.

कारण खर्जाची तार वाजली की समोरच्या भिंतीवरचा गणपतीचा फोटो वर सरकायचा. पुढची तार वाजली की खाली. दोन-तीन आवर्तनांत तोंडाला पाणी सुटायचं, पोटात ढवळायचं, आणि मी पेटीचा कोपरा धरून बसायचे. हेडफोन काढले की गणपती जागच्या जागी. हे दीड वर्ष चाललं.

त्या दीड वर्षात कुठं कुठं गेले ते सगळं सांगत बसत नाही. एकांनी कागदावरचं वय वाचलं आणि ‘मग होणारच’ म्हणाले. दुसऱ्यांनी पित्त ठरवलं. तिसऱ्यांकडून मानेचा पट्टा मिळाला, तो घालून मी तीन महिने भाजी आणायला गेले. चौथ्यांनी ‘गाणं’ हा शब्द ऐकला आणि पेन खाली ठेवलं. ‘मग ऐकू नका ना!’ वर माझ्या नवऱ्याकडे वळून विचारलं, ‘घरात काही ताणतणाव?’ मी दोघांच्या मध्ये बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा मला कुणाकडून काही अपेक्षा नव्हती. नणंद म्हणाली एकदा ऐकण्याची तपासणी तरी कर, म्हणून आले. तुम्ही तपासणी केली, कागद भरला, आणि मग कागद बाजूला सारून विचारलंत, ‘अजून काही होतं का? विचित्र वाटलं तरी सांगा.’

मग मी ते सांगितलं जे घरात सांगून हसं करून घेतलं होतं. चिवडा खाताना कानात रोडरोलर फिरतो. अनवाणी चालताना स्वतःच्या टाचा डाव्या कानात ढोलासारख्या वाजतात. जोरात शिंकले की खोली कलते. आणि रात्री शांत असलं की बुबुळं फिरवताना त्यांचा आवाज येतो, कोरड्या कागदावर बोट घासल्यासारखा. हे शेवटचं ऐकून मुलगा म्हणाला होता, ‘आई, हे बाहेर कुणाला सांगू नकोस.’

तुम्ही हसला नाहीत. उलट उठून कपाटातून नादकाटा आणलात (शाळेत विज्ञानाच्या तासाला पाहिला होता, त्यानंतर थेट तुमच्या हातात), तो वाजवून माझ्या डाव्या पायाच्या घोट्याच्या हाडावर टेकवलात आणि विचारलंत, ‘कुठं ऐकू येतं?’ मी डाव्या कानाला हात लावला. स्वर इतका स्वच्छ होता की पट्टी ओळखायचा मोह झाला. पायावर ठेवलेला काटा कानात वाजतो! एवढी वर्षं सुरात घालवली, पण असलं काही माहीत नव्हतं.

मग तो जाड भिंगांचा चष्मा. डाव्या कानात मोठा सूर सोडण्याआधी तुम्ही तुमचं स्टूल इतकं जवळ ओढलंत की गुडघ्याला गुडघा लागला, आणि म्हणालात, ‘गरगरेल. मला धरा.’ सूर लागला, गणपतीच्या फोटोसारखी समोरची खिडकी वर गेली, मी तुमचं मनगट आवळलं. सूर थांबला. तुम्ही म्हणालात, ‘परत एकदा सोसाल? तुमचा फोन द्या.’

तोच तो व्हिडिओ. चौदा सेकंद. सूर सुरू झाला की माझी दोन्ही बुबुळं वर सरकतात आणि घड्याळाचा काटा हलावा तशी किंचित फिरतात. सूर थांबला की परत येतात. तुम्ही फोन माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, ‘हा तुमच्याकडेच ठेवा. पुन्हा कुणी मनाचं आहे म्हणालं तर दाखवायचा.’

तपासण्या काय, यंत्रं असली की होतात. पण मला इथून बाहेर पडल्यावर पुन्हा कुणापुढं तरी बसायचं आहे, तिथं माझ्या तोंडच्या शब्दाला किंमत मिळेलच असं नाही, हे ओळखून हातात पुरावा देणं कुठल्या अभ्यासक्रमात असेल असं वाटत नाही. मिरजेहून सांगलीला येताना बसमध्ये मी तो इतक्यांदा पाहिला की कंडक्टरनं तिकीट देताना वाकून बघितलं. घरी नवऱ्याला दाखवला. ते काही बोलले नाहीत, उठून चहा टाकला, आणि कप घेऊन आल्यावर म्हणाले, ‘परत लाव.’ ‘ताणतणाव’वाल्या डॉक्टरांना पाठवावा असं चारदा मनात आलं. पाठवला नाही. त्यांचा नंबर नव्हता, असता तर पाठवला असता.

पुढचं थोडक्यात. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की डाव्या कानात, तोल सांभाळणाऱ्या तीन नळ्यांपैकी वरच्या नळीवरचं हाड एका जागी नाहीच. आतल्या कानाला दोन खिडक्या असतात, मला तिसरी पडली आहे, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. आवाजाचा धक्का त्या भोकामुळे तोलाच्या नळीत शिरतो, मेंदूला वाटतं डोकं हललं, आणि तो डोळे फिरवतो. तुलियो नावाच्या इटालियन संशोधकानं कबुतरांच्या या नळ्यांना भोक पाडून आवाजानं त्यांची डोकी कशी हलतात ते दाखवलं होतं, त्याचं पुस्तक आलं १९२९ साली. म्हणजे आपला आयर्विन पूल झाला त्याच वर्षी. माणसांतला हा हाडाचा दोष मात्र अमेरिकेत लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये मांडला. तेव्हा माझ्या आधीच्या डॉक्टरांना तो ठाऊक नसणं मी माफ करते. न विचारणं नाही करत.

हेडफोननं गरगरणाऱ्या सगळ्यांना हेच असतं असं नाही, हेही तुम्हीच बजावलं होतंत. कुणाच्या कानात मळ असतो, कुणाला अर्धशिशी, कुणाला बाहेरचा आवाज दाबणाऱ्या हेडफोनचा दाबच सोसत नाही. वाचणाऱ्यांनी स्वतःचं परस्पर ठरवू नये.

२०१९ च्या महापुरात आम्हाला न्यायला बोट आली, तेव्हा सासऱ्यांना बसवून झाल्यावर मी तानपुरा पुढं केला होता. जीव वाचवायच्या वेळी हे काय, असं कुणीही म्हणालं असतं आणि ते चुकीचंही नव्हतं. बोटीतल्या पोरानं एक शब्द न बोलता तो उचलला आणि भोपळा मांडीवर घेऊन बसला, लहान मूल घ्यावं तसा. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. तुमचं विचारून घेतलं, ते बरं केलं.

ऑपरेशन तूर्त नको असं ठरलंय. जड उचलणं बंद, हेडफोन सासऱ्यांच्या टेबलाच्या खणात गेले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याच्या तारा बदलून जवारी (तारांची घुमणारी झणकार) काढून आणली. उजव्या बाजूला, हातभर लांब ठेवून हलका छेडला तर फोटो हलत नाही. साडेपाचचे साडेसात केलेत, सासरे तोवर उठलेले असतात आणि मधूनमधून ‘निषाद उतरला’ म्हणून ओरडतात.

तुम्ही म्हणाला होता, ‘मला गाण्यातलं काही कळत नाही.’ गुरुवारी संध्याकाळी मुलींचा वर्ग असतो, कधीही या. चिवडा करून ठेवीन. मी मात्र तुमच्यासोबत खाणार नाही, रोडरोलरमध्ये तुमचं बोलणं ऐकू यायचं नाही.

तुमची,
गावभागातली गाणंवाली