पेनाला टोपण लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. एचआयव्हीच्या सल्ल्यासाठी तुमच्याकडे येणाऱ्यांची नावं तुम्ही बाहेर जाऊ देत नाही, मग तुमचं नाव मी चारचौघांत घेणं बरं दिसणार नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. तुम्ही भेटण्याआधी मला जे भेटले, तसे आजही कुणाला तरी भेटत असतील.

माझी हकीकत तुम्हाला आठवतही नसेल. एका व्यक्तीशी संबंध आला होता, कंडोम शेवटपर्यंत होता, फाटला नव्हता. एवढंच. तरी त्यानंतर घसा दुखला की एचआयव्ही, पुरळ उठलं की एचआयव्ही, रात्री घाम आला की एचआयव्ही. मानेतल्या गाठी चाचपून चाचपून तिथली कातडी हुळहुळी झाली होती.

आधी एका डॉक्टरांकडे गेलो. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी चिठ्ठीवर टेस्ट खरडली आणि मान वर न करता म्हणाले, "हे आधी सुचायला हवं होतं." धोका कितपत आहे विचारलं, तर म्हणे सांगता येत नाही. मग एका लॅबमध्ये निगेटिव्ह रिपोर्ट हातात ठेवून सांगितलं, तीन महिन्यांनी परत करा, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आम्ही खात्री कशी देणार? रिपोर्ट निगेटिव्ह, आणि मी आदल्या दिवसापेक्षा जास्त घाबरलेला. नीट सांगणं हेच ज्यांचं काम, त्यांनीच असे हात झटकावेत याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही जे सांगितलंत ती काही गुप्त विद्या नव्हती. त्यांनाही ते ठाऊक असणारच.

तुमच्यासमोर बसलो, बोलायला तोंड उघडलं, आणि तुम्ही पेनाला टोपण लावलंत. नोंदवही मिटलीत, पेन तिच्यावर आडवं ठेवलंत. म्हणालात, "सांगा. लिहायचं नंतर बघू."

ताई, तुम्हाला त्यात काही विशेष वाटलं नसेल. पण आपण बोलतो ते कुठल्या कागदावर उतरतंय, तो कागद पुढे कुणाच्या हाती पडणार, या धास्तीनेच माझी जीभ अडत होती. ते टोपण लागलं आणि मला बोलता आलं. काय काय झालं, तोंडाने काही झालं का, कुठे जखम किंवा रक्त होतं का, सगळं सांगितलं. ती व्यक्ती कोण, माझं लग्न झालंय का, घरच्यांना माहीत आहे का, यातलं एक अक्षर तुम्ही विचारलं नाहीत. विषाणू कुठल्या वाटेने जाऊ शकतो, तेवढ्याच वाटेवर तुमचे प्रश्न होते.

उत्तरंही तशीच नेमकी. लाळेतून, चुंबनातून, स्पर्शातून तो जात नाही. धड असलेल्या कंडोममधून पार होत नाही. योनीमार्गे संबंधात कंडोम नसला आणि समोरच्याला उपचार न घेतलेला संसर्ग असला, तरी एका वेळच्या संबंधात लागण होण्याची शक्यता दहा हजारांत साधारण ४ ते ८ असते, हा आकडाही तुम्ही दिलात. लगेच हेही बजावलंत, की हा आकडा ऐकून कंडोम सोडायचा नाही. लक्षणांवरून काहीच ठरत नाही, कारण सुरुवातीची लक्षणं साध्या तापासारखीच असतात आणि घाम फुटणं, पोट बिघडणं, भूक मरणं हे नुसत्या भीतीनेही होतं.

मग पेन उघडलंत ते कागदावर एक आडवी रेघ ओढायला. संसर्ग झालाच असेल तर आधी विषाणूचंच एक प्रथिन, पी२४ अँटिजेन, रक्तात सापडतं. शरीराने केलेल्या अँटिबॉडीज त्यामागून येतात. चौथ्या पिढीची टेस्ट दोन्ही शोधते, म्हणून शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली ही टेस्ट ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली की विषय संपला. नुसत्या अँटिबॉडी बघणाऱ्या टेस्टसाठी ९० दिवस धरायचे. ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या पीईपीच्या, म्हणजे संबंधानंतर लागण टाळायच्या, गोळ्या घेतल्या असत्या, तर हे दिवस गोळ्या संपल्यापासून मोजावे लागले असते. मी त्या घेतल्या नव्हत्या, आणि माझा रिपोर्ट ४५च्या खुणेच्या पुढचा होता. तुम्ही तिथे फुली मारलीत.

"पण टेस्टच चुकली असेल तर?" मी विचारलंच. विंडो पिरियड, म्हणजे संसर्ग टेस्टमध्ये दिसायला लागणारे हे दिवस, उलटल्यावर चूक झालीच तर ती बहुधा उलट्या बाजूची, म्हणालात. संसर्ग नसताना पहिली टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते, म्हणूनच वेगळ्या टेस्टने पक्कं केल्याशिवाय कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. तरीही मी अजून एकदा रक्त घ्या म्हणून गळ घातली. तुम्ही नाही म्हणालात. "आता रक्त घेतलं तर भीती दोन दिवस गप्प बसेल आणि परत येईल. तिच्यासाठी वेगळी मदत असते, ती घ्या." रागावून नाही, समजुतीच्या स्वरात. आधीच्या सगळ्यांनी टेस्ट देऊन वाटेला लावलं होतं, तुम्ही ती नाकारून मला मोकळं केलंत.

ज्या आवाजात मला "तुम्हाला नाही" म्हणालात, त्याच आवाजात दुसऱ्या कुणाला "आहे" असंही सांगत असाल, याची मला खात्री आहे. नियमित औषधांनी विषाणू रक्तात मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही, हे तुम्ही किती सहज बोलून गेलात. समोरच्याला वाईट-साईट न ठरवता त्याच्या प्रश्नाचं उत्तर देणारी माणसं टेबलामागे बसलेली असतात, म्हणून जगावर विश्वास टिकतो. तुम्हाला त्याचा पगार मिळत असेल. पेनाला टोपण लावण्याचा कुठे मिळतो?

आणि हो, सिफिलिसचीही टेस्ट करा, हिपॅटायटिस बीची लस राहिली असेल तर घ्या, असं फक्त तुम्ही सांगितलंत. टेस्ट केली, निगेटिव्ह आहे. लशीचा पहिला डोस झाला, पुढचे दोन डोस ठरलेल्या तारखांना घेईन. समुपदेशनालाही जायला लागलो आहे.

तुमचा मनापासून ऋणी