फँटम आणि कलिनन

महोदय,

हॉर्निमन सर्कलपाशी जुन्या मोटारींच्या रांगेत एक रोल्स-रॉइस उभी होती. एक आजोबा मऊ फडक्याने तिचा रेडिएटर पुसत होते, अगदी देवघरातली समई पुसावी तसे. याच कंपनीची कलिनन ही एसयूव्ही २०१८ मध्ये आली: १२ सिलिंडर, पावणेसात लिटरचे इंजिन, वजन अडीच टनांहून जास्त. याच कंपनीच्या १९२५ च्या फँटम मोटारीचे इंजिन तर साडेसात लिटरहून मोठे, पण सिलिंडर ६ च! नवी गाडी आरामशीर आहे, मान्य. पण जुनीचे बॉनेट उघडले की इंजिन डोळ्यांना दिसते, समजते. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ या खास मालिकेचा नंबर मिळू लागला, हे चांगलेच झाले. आता मुंबईत त्यांच्यासाठी कायमचे संग्रहालयही उभारावे.

– एक वाचक, गिरगाव