वर्णद्वेषातला द्वेष आणि लिंगभेदातला भेद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘ज्याच्या हाती सत्ता नाही, तो वर्णद्वेष्टा असूच शकत नाही’ आणि ‘द्वेष तो द्वेष, कोणीही कोणाचाही केला तरी सारखाच’ ही दोन वाक्ये वर्णद्वेषावरच्या प्रत्येक चर्चेत एकमेकांवर आदळतात. लिंगभेदाबद्दलही हाच वाद होतो. दोन्हीकडचे लोक तळमळीने बोलत असतात, पण दोघेही अर्ध्या वाटेवर थांबतात असे मला वाटते. त्यातला बराच गोंधळ शब्दांमुळे झालेला आहे.

मराठीत आपण एकाला वर्णद्वेष म्हणतो आणि दुसऱ्याला लिंगभेद. पहिल्या शब्दात द्वेष आहे, म्हणजे मनातली भावना. दुसऱ्यात भेद आहे, म्हणजे हातून घडणारी वागणूक. त्यामुळे नकळत दोन्हींना वेगवेगळ्या फूटपट्ट्या लागतात. ‘माझ्या मनात कोणाबद्दल काही नाही’ एवढे म्हटले की वर्णद्वेषाचा आरोप झटकून टाकता येतो. लिंगभेदाच्या बाबतीत मात्र ‘मला स्त्रियांबद्दल फार आदर आहे’ हे उत्तर पुरत नाही, कारण तिथे प्रश्न पगाराचा आणि बढतीचा असतो. वास्तविक दोन्ही ठिकाणी दोन्ही गोष्टी असतात. द्वेष किंवा तुच्छता बाळगायला सत्ता लागत नाही. भेद करायला मात्र हातात काहीतरी असावे लागते: नोकरीचा अर्ज, भाड्याने द्यायचे घर, कर्जाची फाइल, उत्तरपत्रिका, औषधाची चिठ्ठी.

‘पूर्वग्रह अधिक सत्ता म्हणजे वर्णद्वेष’ हे समीकरण अमेरिकेत १९७० मध्ये पॅट्रिशिया बिडॉल यांनी मांडले आणि पुढे ते प्रशिक्षणवर्गांतून पसरले. त्याआधी, १९६७ मध्ये, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीतले नेते स्टोकली कारमायकेल आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक चार्ल्स हॅमिल्टन यांनी व्यक्तींचा वर्णद्वेष आणि संस्थांचा वर्णद्वेष अशी फोड केली होती. त्यांचे उदाहरण अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे होते. १९६३ मध्ये तिथल्या एका चर्चमध्ये बॉम्बस्फोट घडवून चार कृष्णवर्णीय मुलींचा जीव घेतला गेला, त्याचा धिक्कार सगळ्यांनी केला. त्याच शहरात पुरेसे अन्न, धड निवारा आणि औषधपाणी नसल्यामुळे दर वर्षी शेकडो कृष्णवर्णीय बाळे दगावत होती, त्याला मात्र कोणी वर्णद्वेष म्हणत नव्हते. या दोघांनी दुसऱ्या प्रकाराला नाव दिले, पण पहिला प्रकार वर्णद्वेष नाही असे ते कधी म्हणाले नाहीत. समीकरण तयार झाले तेव्हा हा तपशील गळून गेला.

सत्ता नेमकी कुठे आणि कशी काम करते हे पाहायचे असेल तर ‘ग्रिग्स विरुद्ध ड्यूक पॉवर’ हा अमेरिकेतला खटला बारकाईने वाचावा. ड्यूक पॉवर कंपनीच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या वीजकेंद्रात ९५ कामगार होते, त्यांतले १४ कृष्णवर्णीय. कामाचे पाच विभाग होते आणि कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत. मजूर विभागातला सर्वांत मोठा पगार हा बाकीच्या चार विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा नोकऱ्यांना २ जुलै १९६५ पासून लागू झाला आणि हा उघड भेद बेकायदा ठरला. त्याच तारखेपासून कंपनीने चांगल्या विभागांतल्या नव्या भरतीसाठी शालान्त प्रमाणपत्राबरोबर दोन लेखी चाचण्याही आवश्यक केल्या. मजूर विभागातून वर जायलाही त्याच वर्षी प्रमाणपत्राची अट लागली. अट सर्वांना सारखी होती, तिच्यात रंगाचा उल्लेखही नव्हता. पण १९६० च्या जनगणनेप्रमाणे त्या राज्यात ३४ टक्के गोऱ्या पुरुषांनी शालान्त शिक्षण पूर्ण केले होते आणि कृष्णवर्णीय पुरुषांपैकी फक्त १२ टक्क्यांनी. शिवाय अट येण्यापूर्वी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले गोरे कामगार तीच कामे व्यवस्थित करत होते आणि त्यांना बढत्याही मिळत होत्या. म्हणजे त्या कामाला प्रमाणपत्राची गरजच नव्हती. खालच्या न्यायालयांना कंपनीचा हेतू वाईट दिसला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये एकमताने सांगितले की हेतू चांगला असला तरी तेवढ्याने भागत नाही. एखादी अट दिसायला सारखी आणि परिणामाने भेद करणारी असेल, तर तिचा कामाशी संबंध आहे हे मालकाने सिद्ध करायचे. इथे द्वेष शोधत बसले असते तर हाती काही लागले नसते.

२००४ साली प्रसिद्ध झालेला अर्थशास्त्रज्ञ मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांचा प्रयोगही असाच आहे. बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सुमारे ५,००० अर्ज पाठवले. अर्जांवरची नावे कोणत्याही क्रमाशिवाय टाकली होती: एमिली, ग्रेग यांसारखी गोरी वाटणारी किंवा लकिशा, जमाल यांसारखी कृष्णवर्णीय वाटणारी. पहिल्या गटाला साधारण दर दहा अर्जांमागे एक बोलावणे आले, दुसऱ्याला दर पंधरांमागे एक. ज्याला लवकर बोलावणे आले त्याला आपल्याला काही जास्तीचे मिळाले हे कळायला वावच नाही. म्हणूनच ‘विशेषाधिकार’ हा शब्द ऐकून लोक बिथरतात. मराठीत विशेषाधिकार म्हटले की विधिमंडळाच्या सदस्यांना असतात तसे, पदासोबत मिळणारे अधिकार डोळ्यांपुढे येतात आणि कष्टाने वर आलेला माणूस साहजिकच म्हणतो, ‘मला कोणी दिलेत असले अधिकार?’ त्याचे म्हणणे खोटे नसते. इथे विशेषाधिकाराचा अर्थ एवढाच की दुसऱ्याच्या वाटेत असलेला एक अडथळा तुमच्या वाटेत नव्हता. बाकीचे अडथळे तुम्हालाही असू शकतात.

इथवर सत्तेचा मुद्दा मांडणाऱ्यांशी मी सहमत आहे. मात्र सत्ता ही व्याख्येतली अट केली की पुढची घसरण सुरू होते. सत्ता एकच नसते आणि ती एका गटाला कायमची चिकटलेलीही नसते. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचे लष्करशहा इदी अमीन यांनी तिथल्या आशियाई, बहुतांश भारतीय वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. व्यापाराचा मोठा हिस्सा आशियाईंच्या हातात होता, ब्रिटिश अमदानीत त्यांना आफ्रिकी जनतेपेक्षा वरचे स्थान मिळाले होते आणि त्यांच्यातल्या अनेकांची आफ्रिकी लोकांशी वागणूक तुच्छतेची होती. सैन्य मात्र अमीन यांच्या हातात होते. मग या प्रसंगात ‘सत्ताधारी गट’ कोणता मानायचा? रवांडात बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू आणि तुत्सी या तिथल्या दोन मुख्य समाजांची नोंद करायला लावली आणि तुत्सींना वर बसवले. १९५९ नंतर पारडे फिरले आणि सत्ता हुतूंकडे गेली. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यांवरच्या नाक्यांवर ओळखपत्रातली तीच नोंद पाहून तुत्सींना मारले गेले. ‘दडपलेल्या गटाला वंशद्वेष करताच येत नाही’ या नियमाने चालणाऱ्या माणसाला हे विष साठत असताना दिसणारच नाही; सत्ता हाती आल्यावर दिसेल, पण तोवर उशीर झालेला असेल. ज्यूद्वेषाची तर रचनाच अशी आहे की त्यात ज्यूंना गुप्तपणे सर्वशक्तिमान ठरवले जाते. तो बाळगणाऱ्याला ‘सत्ता कोणाकडे?’ असे विचारा, तो ज्यूंकडेच बोट दाखवेल.

अमेरिकेतल्या नागरी हक्क कायद्याने ही सत्तेची अट मानलेली नाही. ज्या कायद्याखाली ग्रिग्सचा निकाल लागला, त्याच कायद्याखाली १९७६ मध्ये ‘मॅकडोनाल्ड विरुद्ध सांता फे’ हा निकाल लागला. सांता फे या वाहतूक कंपनीकडे आलेल्या मालातले अँटिफ्रीझचे (इंजिनातले पाणी गोठू नये म्हणून घालायच्या द्रवाचे) ६० डबे पळवल्याचा आरोप तिघा कामगारांवर होता. दोन गोऱ्यांना काढले, कृष्णवर्णीयाला ठेवले. कायद्याचे संरक्षण गोऱ्यांनाही आहे, असा निकाल न्यायालयाने दिला आणि तो लिहिला न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी, ज्यांनी शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा ऐतिहासिक खटला वकील म्हणून लढवला होता.

लिंगभेदाकडे वळले की एक वेगळीच गोष्ट दिसते. वंशभेदाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा १९६५ चा करार कोणत्याही एका वंशाचे नाव घेत नाही; वंश, रंग, कुळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेला, समान हक्कांना बाध आणणारा कोणताही भेद त्यात येतो. १९७९ चा करार मात्र शीर्षकापासूनच स्त्रियांविरुद्धच्या भेदाबद्दल आहे. पहिल्यात दोन्ही बाजूंना सारखे दार आहे, दुसऱ्यात सत्तेचा इतिहास व्याख्येतच आहे. मागे पडलेल्यांसाठी तात्पुरत्या विशेष उपाययोजना करणे हा भेदभाव नव्हे, हे मात्र दोन्ही करार सांगतात.

मग पुरुषांना लिंगभेदाचा फटका बसतो की नाही? बसतो, आणि कसा बसतो ते अमेरिकेतल्या वाइझेनफेल्ड खटल्यात स्वच्छ दिसते. पॉला वाइझेनफेल्ड शिक्षिका होत्या, सामाजिक सुरक्षा निधीत त्यांच्या पगारातून वर्गणी जात होती. १९७२ मध्ये बाळंतपणात त्यांचा मृत्यू झाला. पती स्टीफन यांना घरी राहून बाळाला वाढवायचे होते, पण त्यासाठीचा भत्ता फक्त विधवांना होता, विधुरांना नव्हता. वकील रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्यांची बाजू मांडली आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने मान्य केली. भत्ता नाकारला गेला पुरुषाला. पण का? बाईची कमाई घराचा आधार असूच शकत नाही आणि मूल सांभाळणे हे बापाचे काम नाही, असे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते म्हणून. पॉला यांनी पुरुष सहकाऱ्यांसारखीच वर्गणी भरली आणि तिच्यातून त्यांच्या कुटुंबाला मिळणारे संरक्षण कमी ठरले. बाईला दुय्यम मानणाऱ्या एकाच समजुतीने त्या घरातल्या तिघांचे नुकसान केले. ‘पुरुषांवरही अन्याय होतो’ आणि ‘लिंगभेदाचे मूळ स्त्रीला खाली ठेवणाऱ्या उतरंडीत आहे’ ही दोन्ही वाक्ये इथे एकाच वेळी खरी आहेत. ती एकमेकांविरुद्ध वापरणाऱ्यांचे मला नेहमी वाईट वाटते.

आता व्यवहाराचे. कोणत्याही संस्थेच्या तक्रार समितीपुढे प्रकरण येते तेव्हा सत्तेचा प्रश्न दाराशी न विचारता आत आल्यावर विचारावा. आधी काय बोलले गेले, काय केले गेले, ते शब्दशः लिहून घ्यावे. ‘अपमानास्पद वर्तन’ अशी गोळाबेरीज नोंद निरुपयोगी असते. ‘तुमच्या लोकांना हिशेब जमत नाही’ हे वाक्य घ्या. नवशिक्या कामगाराने वरिष्ठाला उद्देशून म्हटले तर तो वंशावरून केलेला अपमान आहे, त्याची नोंद आणि समज दोन्ही हवे. तेच वाक्य विभागप्रमुखाने म्हटले तर पुढचा प्रश्न असा, की या माणसाचे वार्षिक मूल्यमापन कोण लिहितो? गेल्या तीन वर्षांत कोणाला किती गुण दिले? हिशेबाची कामे कोणाकडून काढून घेतली? वाक्य तेच, पण दुसऱ्या वेळी ते कागदावर उतरून पगारापर्यंत जाऊ शकते, म्हणून चौकशीही कागदापर्यंत गेली पाहिजे. हुद्दा नसलेल्यांच्या हातीही सत्ता असते हे विसरू नये: एकट्या माणसाभोवती जमलेल्या दहा जणांना पदाची गरज नसते. शेवटी, तक्रार केल्यावर तक्रारदाराचे काय नुकसान होऊ शकते तेही लिहून ठेवावे. सर्वाधिक गफलत इथे होते. ‘कोणाचीच तक्रार नाही’ याचा अर्थ बहुधा तक्रार परवडत नाही एवढाच असतो.

भरतीतला भेद तपासायला अमेरिकेत १९७८ पासून चार-पंचमांशाचा ठोकताळा वापरतात. एका गटाच्या ८० अर्जदारांतून ४८ निवडले तर प्रमाण ६० टक्के. दुसऱ्या गटाच्या ४० मधून १२ निवडले तर ३० टक्के. ३० हे ६० च्या निम्मे, म्हणजे चार-पंचमांशाच्या (८० टक्क्यांच्या) खाली, म्हणून प्रक्रिया तपासायला घ्यायची. तेवढ्याने दोष सिद्ध होत नाही. अर्जदार दहा-बाराच असतील तर एका माणसाने प्रमाण उलटेपालटे होते, तेव्हा दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र करावेत. आणि केवळ अंतिम निवड न पाहता छाननी, लेखी परीक्षा, मुलाखत अशा प्रत्येक टप्प्यावर मोजावे. गळती बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर असते, तो सापडला की दुरुस्तीही सापडते.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. अशा घटनांच्या बातम्यांत ‘वर्णद्वेषी शेरेबाजी’ किंवा ‘लिंगभेदी वागणूक’ एवढ्यावर मथळा आणि मजकूर संपतो. नेमके शब्द काय होते, बोलणाऱ्याच्या हातात समोरच्याबद्दलचा कोणता निर्णय होता आणि तक्रार कोणाकडे गेली, या तीन गोष्टी चार ओळींत मावतात. त्या छापाव्यात.

आपला,
एक नियमित वाचक