कोण आलंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बालपुरवणीतल्या विज्ञानकथांबद्दल गेल्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र छापून आलं. परग्रह, यंत्रमानव ठीक आहेत, पण ‘स्त्री-पुरुष असले विषय’ मुलांच्या कथांत कशाला, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षं मी तासगाव तालुक्यात मराठी शिकवलं. ते पत्र वाचून गप्प बसवलं नाही, कारण त्याच सुमाराला एक वही माझ्या हातात आली होती.

संध्याकाळी काही मुलं माझ्याकडे वाचायला येतात. त्यातली एक नववीतली. घरची द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, बांधावर पपईची झाडं. तिनं एका स्पर्धेसाठी विज्ञानकथा लिहिली. तिच्या ग्रहावर प्रत्येक मूल हे ‘ते’च असतं. ते खेळतं, ते भांडतं, ते शेण काढतं. पंधरावं सरलं की नदीपल्याड एक रात्र एकटं राहायचं, पहाटे घरी येऊन कडी वाजवायची. आतून आई विचारते, ‘‘कोण आलंय?’’ बाहेरून ‘मी आलो’ येवो, ‘मी आले’ येवो नाहीतर ‘मी आलं’ येवो, घरानं ते ऐकून दार उघडायचं. कथेतलं लेकरू उंबऱ्याबाहेर उभं राहतं आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही. आई कंदील घेऊन येते, पुन्हा विचारते, ‘‘कोण आलंय?’’ कथा तिथंच थांबते.

वही परत आली ती लाल गोलांनी भरून. प्रत्येक ‘ते’भोवती गोल, समासात ‘लिंग चुकले’, आणि शेवटच्या पानावर ‘विषय वयास योग्य नाही’. मुलगी मला म्हणाली, ‘‘बाई, मी चुकलो नाही. मुद्दाम तसं लिहिलंय.’’

‘चुकलो’ म्हणाली. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी पोरी अशाच बोलतात, ‘मी जातो’, ‘मी आलो’. आई, आजी, मावश्या तशाच बोलत आल्या. एकतीस वर्षं मी ते दुरुस्त करत राहिले. ‘आलो नाही, आले म्हण.’ परीक्षेपुरतं ते बरोबरच होतं. पण घरून आणलेली बोली वर्गात खोडून काढताना त्या पोरींना काय वाटत असेल, हे मी एकदाही विचारलं नाही, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

परीक्षकांना जी चूक दिसली ती खरं तर मराठीची श्रीमंती आहे. मूल, लेकरू, पोर, पिल्लू, हे सगळे शब्द नपुंसकलिंगी. दारात कोण आहे हे ठाऊक नसतं तेव्हा आपण ‘कोण आलाय’ किंवा ‘कोण आलीय’ म्हणत नाही, ‘कोण आलंय’ म्हणतो. पोरीनं ग्रह कल्पनेतला घेतला, व्याकरण मात्र आपल्याच घरातलं.

या ‘ते’वाचून इंग्रजीतली एक फार मोठी लेखिका अडली होती. उर्सुला ली ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी १९६९ ची. तिच्यातल्या गेथेन या बर्फाळ ग्रहावरची माणसं एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले काही दिवस शरीर बदलतं, तेव्हा कुणी स्त्री होतं, कुणी पुरुष, आणि पुढच्या महिन्यात उलटही होऊ शकतं. एकच माणूस काही लेकरांची आई आणि काहींचा बाप असतो. अशा माणसांसाठी लेखिकेनं सगळीकडे ‘तो’ वापरला. त्यावर टीका झाली, आणि पुढं तिनं स्वतःही त्या निवडीचा जाहीर फेरविचार केला. त्याच ग्रहावरची एक जुनी कथा १९७५ च्या संग्रहात घेताना तिनं सगळ्यांना ‘ती’ केलं, राजाला मात्र राजाच ठेवलं. पुढं १९९५ मध्ये तिनं तिथल्या एका पोराच्या वयात येण्यावर कथा लिहिली. मला ती सगळ्यांत जवळची. अंगात काहीतरी होतंय, ते आवडत नाही, कुणाला सांगवत नाही, आणि घरातली मोठी माणसं मात्र ‘आम्हीही यातून गेलोय’ म्हणून पाठीशी उभी. परग्रहावरची गोष्ट, पण वाचताना मला आमच्या शाळेच्या मागचा हौद दिसत होता, जिथं पहिल्यांदा पाळी आलेल्या मुली रडत बसायच्या.

अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांच्या १९८९ च्या ‘इमॅगो’ या विज्ञान कादंबरीत तर ज्या मुलाला सगळे पुढं पुरुष होणार असं धरून चालले होते, त्याचं शरीर बदलू लागल्यावर ते तिसऱ्याच लिंगाचं निघतं. घरच्यांना भीती वाटते. घर त्याला टाकत नाही.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणेल. त्यांनी पपईवाल्या शेतकऱ्याला विचारावं. रोप लावताना नर की मादी हे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून काही जातींत एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतात आणि फुलोऱ्याची वाट बघतात. फुलं आली की कळतं, नर आहे, मादी आहे की दोन्ही अंगांचं. मुलीला कथा सुचली ती बांधावर, वडिलांबरोबर फुलं बघताना.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. खूप वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. वाचन सुंदर. आठवीत आवाज फुटला आणि त्यानं वर्गात तोंड उघडणंच बंद केलं. मी त्याला उभं करून वाचायला लावायची. तो पुस्तकात बघत उभा राहायचा. लाजतोय असं समजून मी रागवायची. दहावीनंतर गाव सुटलं. दोन वर्षांपूर्वी फोन आला. ‘‘बाई, ओळखलं का? मी बोलतेय.’’ त्या एका क्रियापदावर मला सगळं उमगलं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१४ मध्ये आपली लिंग-ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, कायदेशीर मार्ग झाला. पण तिच्या शाळेतल्या त्या वर्षांत तिला एकही गोष्ट अशी मिळाली नव्हती, जिच्यात तिच्यासारखं कुणी होतं. तीच मला म्हणाली, ‘‘एक जरी असती ना बाई.’’

घरात जे विचारता येत नाही ते परग्रहावर नेऊन विचारता येतं, विज्ञानकथेचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. मराठी विज्ञानकथेला स्पर्धांचं ऋणही मोठं आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये आपली पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं. परीक्षकांनी नाव बघितलं नाही, कथा बघितली.

मुलीची कथा तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीनं सोबत पाठवत आहे. आपल्याला पसंत पडली तर बालपुरवणीत छापावी. शुद्धलेखन जरूर तपासा. ‘ते’ मात्र तसंच राहू द्या, आणि कथेखाली जागा उरली तर ती आईच्या प्रश्नापुढं कोरी सोडा. तशी तिची इच्छा आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
तासगाव, जि. सांगली